अग्निशमन दलातील भरती आणि फुप्फुसांचे आरोग्य

सत्तरीकर: धाकटा भाऊ अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करतो आहे, मार्च 2023 मधील गोव्यातल्या म्हादई अभयारण्यातील वणवे आठवले की घरच्यांना त्याच्या फुप्फुसांची धास्ती वाटते. ती रास्त आहे का?

पणजीवासी: रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये हे काम कर्करोगकारक ठरवले. आग विझली तरी ढिगारा धुमसत असेपर्यंत मुखवटा उतरवू नये, आणि काजळलेला गणवेश घरच्या कपड्यांत धुऊ नये.

निवृत्त जवान: वणव्यात मात्र पाठीवरचा हवेचा सिलिंडर फार वेळ पुरत नाही, तिथे वापरायचा साधा कणरोधक मुखवटा कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, त्यामुळे माणसे आळीपाळीने मागे घ्यावी लागतात. धावण्याचा सराव तो करीलच. रुजू होतानाच फुप्फुसांची क्षमता मोजून नोंद ठेवावी, म्हणजे पुढील तपासण्यांना तुलनेचा आधार राहील.