मदत हवी आहे: चौघांचा घरातल्या घरात व्यायाम (ठाणे, १ बीएचके)

घोडबंदरी | १२ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. घरातल्या चौघांनी मिळून रोज अर्धा तास व्यायाम करायचा असं मी जूनमध्ये ठरवलं. आत्तापर्यंत तीनदा सुरू केलं, तीनदा बंद पडलं. यूट्यूब लावून झालं, दोरी आणली, चार मॅट आणल्या (त्यातली एक आता मांजराची आहे). आई दोन दिवसांत सोडते, मुलगा मोबाइल सोडत नाही, बायकोला वेळ नाही. त्यात खालच्या मजल्यावरचे काका परवा वर येऊन गेले.

सगळ्यांना जमेल असा एकच व्यायाम सांगा. जिम सुचवू नका. बाहेर चालायला जा असंही सांगू नका. कासारवडवलीतल्या माणसाला पावसाळ्यात हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः मेट्रोच्या खांबांखालून चालून दाखवावं. जरा लवकर सांगा, सोमवारपासून परत सुरू करायचंय.

मितभाषी | १२ जुलै, रात्री ११:५२

वयं?

सूर्योपासक | १३ जुलै, पहाटे ५:१०

वयं विचारायची गरजच नाही. सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी अख्ख्या संस्थानाला घालायला लावले, त्यात लहानथोर सगळे आले. जागा एका चटईची, खर्च शून्य. मी गेली ३१ वर्षं रोज २४ घालतो, रथसप्तमीला १०८. साधी सर्दी नाही.

नलू_नेरुळ | १३ जुलै, सकाळी ८:३०

खालचे काका का आले ते लिहिलंच नाही तुम्ही. दोरी कुठे आणि किती वाजता मारत होतात?

बाकी आमच्या नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत या एकदा. तलावाभोवती मस्त चालता येतं. ठाणेकरांना फुटपाथ म्हणजे काय तेही कळेल.

घोडबंदरी | १३ जुलै, सकाळी ९:१५

मी ४३, बायको ३९, मुलगा ११, आई ६८. दोरी हॉलमध्ये, पावणेसहाला. नंतर वेळच नसतो. बायको सातला घर सोडते, ठाण्याहून ऐरोलीची लोकल असते तिची.

नलूताई, बाहेर चालायचं सुचवू नका असं लिहिलं होतं. त्यासाठी नेरुळला यायचं म्हणजे कमाल आहे.

खवचट_खारघर | १३ जुलै, सकाळी ९:२२

पहाटे पावणेसहाला डोक्यावर दोरीच्या उड्या. काका रिकाम्या हाताने वर आले हे तुमचं नशीब. (हलके घ्या.)

स्लॅबवाला | १३ जुलै, सकाळी १०:०४

योगा मॅटने खालचा आवाज थांबत नाही. ती घसरू नये म्हणून असते. उडी मारल्यावर हादरा स्लॅबमधून जातो. जाड रबरी लाद्या टाकल्या तर थोडा फरक पडेल, पण उड्या खाली पोडियमवर नाहीतर पार्किंगमध्येच. काकांशी भांडू नका, त्यांचं बरोबर आहे.

एकदम_फ्रेश | १३ जुलै, सकाळी १०:४०

माझ्याकडे फोल्डिंग ट्रेडमिल आहे, वापर जेमतेम ११ दिवस. मानपाड्याहून घेऊन जायची. घरात असली की आपोआप चाललं जातं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खवचट_खारघर | १३ जुलै, सकाळी १०:४३

आपोआप चाललं जातं म्हणून ११ दिवस का? घ्या हो घोडबंदरी, पावसाळ्यात कपडे वाळत घालायला उपयोगी.

अनघड | १३ जुलै, दुपारी १:१५

मी "बायकोला वेळ नाही" या वाक्यावरच थांबले. ती सातला घर सोडते म्हणजे उठते किती वाजता? चार डबे कोण भरतं? व्यायामाची वेळ तुम्ही ठरवलीत, दोरी तुम्ही आणलीत, मॅटही तुम्हीच. तिला कुणी विचारलं होतं का?

घोडबंदरी | १३ जुलै, दुपारी १:४०

डबे तीन असतात, चार नाही. धागा व्यायामाचा आहे. आणि घरकाम हाही व्यायामच ना? मग तिचा प्रश्न तसा सुटलेलाच आहे.

अनघड | १३ जुलै, दुपारी १:४४

तीन! माफ करा हं, मोजायला चुकले.

फिजिओ_वाशी | १३ जुलै, दुपारी ३:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय. घरकामात हालचाल होते, हे खरं. पण ओट्यापाशी तासभर उभं राहून पाय दुखतात, मांड्या मजबूत होत नाहीत. ती गल्लत नको.

मला वेगळंच विचारायचंय. आई दोन दिवसांत सोडतात म्हणजे कंटाळून, की त्यांना काही होतं? शुगर, बीपी, गुडघे? गोळ्या कुठल्या? हे कळल्याशिवाय कुणीही कसलाही व्यायाम सुचवू नये असं माझं मत आहे.

जठराग्नी | १३ जुलै, दुपारी ४:०५

व्यायामाने काही होत नाही, सगळं खाण्यात आहे. दोनच वेळा जेवा, ५५ मिनिटांत संपवा. माझं ९ किलो उतरलं.

तूपभात | १३ जुलै, दुपारी ४:११

दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप सोडू नका. माझं ७ उतरलं.

खवचट_खारघर | १३ जुलै, दुपारी ४:१२

आले! दीक्षित आणि दिवेकर दोन्ही पक्ष हजर. आता धागा शंभरी गाठणार.

(इथल्या आहारविषयक १९ प्रतिसादांचा वेगळा धागा केला आहे. संपादक)

घोडबंदरी | १३ जुलै, रात्री १०:२०

आहारावर मी एक अक्षर तरी विचारलं होतं का?

@फिजिओ_वाशी, आईला शुगर आहे. ती तर सगळ्यांच्याच आईला असते, म्हणून लिहिलं नाही. गुडघे कुरकुरतात. बीपी नाही. दोन्ही वेळा दहा मिनिटांत तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले, खुर्चीत बसून राहिली. सवय नाही म्हणून होत असेल असं मला वाटलं. गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली आहे, सकाळी उठल्या उठल्या घेते. नाश्ता आठ वाजता. आता सांगा कुठला व्यायाम.

फिजिओ_वाशी | १३ जुलै, रात्री १०:३१

सध्या कुठलाही नाही. सोमवारचं रद्द करा.

नुसती मेटफॉर्मिन असती तर साखर सहसा अशी खाली येत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. आई गोळी घेतात साडेपाचला, खातात आठला, आणि मध्ये तुम्ही त्यांना हातपाय हलवायला लावता. स्नायू काम करायला लागले की तेही रक्तातली साखर ओढतात. घाम, थरथर ही साखर उतरल्याची नेहमीची लक्षणं आहेत. मोजल्याशिवाय मीही शंभर टक्के सांगणार नाही, पण नुसती सवय नाही असं समजून सोडून देऊ नका.

पुन्हा झालं तर लगेच बोटातलं रक्त तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल तरी, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची. १५ मिनिटांनी परत मोजायचं, वर आली नसेल तर परत तेवढीच साखर, आणि मग काहीतरी खायला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. गोळी कधी घ्यायची, किती घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांना उद्याच विचारा. स्वतः बंद करू नका.

सूर्योपासक | १४ जुलै, पहाटे ५:०५

सूर्यनमस्कार आणि कपालभाती नियमित केली तर गोळ्याच सुटतात. लोकांना घाबरवू नये.

फिजिओ_वाशी | १४ जुलै, सकाळी ७:५०

काका, तुमच्या ३१ वर्षांबद्दल आदर आहे. पण ६८ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी उपाशीपोटी खाली वाकवून पाय मागे टाकायला लावणार का? आणि गोळ्या सुटण्याची गोष्ट इथे लिहू नका. कुणीतरी वाचून खरंच सोडतं, मग तो माणूस माझ्याकडे येतो.

मितभाषी | १४ जुलै, सकाळी ७:५८

+१

घोडबंदरी | १४ जुलै, सकाळी ८:१०

डॉक्टरांची वेळ घेतली, संध्याकाळची. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. चौघांना चालेल असा एक व्यायाम कुठला?

फिजिओ_वाशी | १४ जुलै, दुपारी ३:४०

असा व्यायाम नसतो. एकाच वेळी केला तर बरं वाटतं म्हणून तुम्ही त्याच्या मागे लागलाय, पण ११ आणि ६८ यांच्या गरजाच निराळ्या.

मुलाला दिवसाला सरासरी तासभर दमेल अशी हालचाल हवी, आणि ती हॉलमध्ये होणार नाही. पाऊस असला तरी पोडियमवर पाठवा, दोरी त्यालाच द्या. तुम्हा दोघांना आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागला पाहिजे. शिवाय दोन दिवस ताकदीचं काहीतरी. पूर्वी निदान सलग दहा मिनिटं करा असं सांगायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ती अट काढली. त्यामुळे सात मजले जिन्याने चढलात तरी ते हिशोबात धरा. उतरताना लिफ्ट घ्या.

आईंना डॉक्टर हो म्हणाले की मगच, आणि खाल्ल्यानंतर. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं, आठदहा वेळा. न जमल्यास खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पलंगावर पडून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजून खाली. गुडघ्यावरचा स्नायू मजबूत झाला की कुरकुर कमी होते. श्वास रोखायचा नाही. तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवेत, या वयात पडणं महागात जातं. आणि रात्री जेवल्यावर हॉल ते स्वयंपाकघर दहा मिनिटं शतपावली. त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. मऊ तळाच्या चपला घालून केलीत तर काकांना पत्ताही लागणार नाही.

नलू_नेरुळ | १४ जुलै, दुपारी ४:०२

सातवा मजला आहे हे फिजिओताईंना कसं कळलं?

फिजिओ_वाशी | १४ जुलै, दुपारी ४:१०

एका जुन्या पाणीकपातीच्या धाग्यावर यांनीच लिहिलं होतं. टँकर, सातवा मजला, सगळं.

तलावपाळी | १४ जुलै, संध्याकाळी ६:३०

पाणीकपातीवरून आठवलं, घोडबंदरला कुणाकडे टँकरचा दर काय चाललाय?

खवचट_खारघर | १४ जुलै, संध्याकाळी ६:३३

घ्या. आता सातव्या मजल्यावर बादल्या वाहणं हाच व्यायाम.

घोडबंदरी | २१ जुलै, रात्री १०:५०

सगळ्यांना लिहायचं राहिलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ नाश्त्याबरोबर केली, डोस कमी केला, दोन आठवडे रोज मोजायला सांगितलं. त्या दिवशी रात्री दुकानं बंद होती, ग्लुकोमीटर कुठून आणणार? शेवटी खालच्या काकांचं दार वाजवलं. त्यांच्याकडे निघालं, काकूंना शुगर आहे. पट्ट्या संपत आल्या होत्या तरी दिल्या त्यांनी. उड्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

आई खुर्चीतून सहा वेळा उठते, सातव्यांदा माझ्याकडे बघते. मोजायचं काम मुलाकडे दिलंय. तो अंपायरगिरी करतो, हात टेकला की बाद देतो. स्वतः मात्र अजून हलत नाही, पोडियमवर गेला तरी कट्ट्यावर बसून मोबाइलच. यावर काही असेल तर सांगा.

@अनघड, भाजी आणि डबे मी घेतले. पण वाचलेल्या वीस मिनिटांत बायको व्यायाम करत नाही, झोपते.

अनघड | २१ जुलै, रात्री १०:५४

झोपू द्या.

सूर्योपासक | २२ जुलै, पहाटे ५:०८

मुलाला माझ्याकडे पाठवा, वर्तकनगरला. पहाटे साडेपाच.

एकदम_फ्रेश | २२ जुलै, सकाळी १०:१५

ट्रेडमिल अजून आहे. दर कमी केला आहे.