घोडबंदर रस्त्यावर 2 बीएचके : आता घ्यावे, की दर उतरण्याची वाट पाहावी?

नौपाडा_भाडेकरू (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी गेली नऊ वर्षे ठाण्यात भाड्याने राहत आहोत आणि या काळात चार घरे बदलली आहेत. मागच्या घरमालकांनी मुलाचे लग्न ठरल्याचे सांगून दोन महिन्यांत घर रिकामे करून मागितले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण घर त्यांचे होते. परंतु तेव्हापासून तिसरीत शिकणारी आमची मुलगी शाळेच्या कॅलेंडरवरचा घरचा पत्ता पेन्सिलने लिहिते, आणि ते पाहिल्यापासून घराचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

दोघांचा मिळून हाती येणारा पगार महिन्याला 1 लाख 55 हजार रुपये आहे. सध्याचे भाडे 27 हजार आहे. कासारवडवलीच्या पुढे बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पात 650 चौरस फूट कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळाच्या) घराचा भाव 1 कोटी 15 लाख सांगितला आहे आणि ताबा 2028 च्या अखेरीस मिळेल असे कळवले आहे. त्याच परिसरात तेवढेच तयार घर 30 हजार रुपये भाड्याने मिळते. आमच्याकडे 50 लाखांची शिल्लक आहे, त्यातले 18 लाख गावच्या जमिनीतला माझा हिस्सा विकून आलेले आहेत. 80 लाखांचे कर्ज घ्यावे लागेल. सहकारी सांगतात की मेट्रो सुरू झाली की हा भाव पुन्हा पाहायला मिळणार नाही. तर मोठे बंधू म्हणतात की एवढे मनोरे उभे राहत आहेत, दर उतरल्याशिवाय राहणार नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कर्जविभाग_निवृत्त

मी बँकेच्या गृहकर्ज विभागात बावीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी आपल्या हिशेबाकडे वळतो.

1 कोटी 15 लाख ही घराची किंमत झाली, घर मिळवण्याचा खर्च नव्हे. बांधकाम चालू असल्याने 5 टक्के जीएसटी, म्हणजे 5 लाख 75 हजार. ठाण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 8 लाख 5 हजार. नोंदणी फी 30 हजार. एकूण 14 लाख 10 हजार रुपये वरचे झाले, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज देता येत नाही. (घर केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत मिळते, दोघांच्या नावे घेतल्यास मिळत नाही.) म्हणजे 80 लाखांच्या कर्जासोबत आपल्याला पदरचे 49 लाख 10 हजार घालावे लागतील आणि 50 लाखांच्या शिल्लकीतून 90 हजार रुपये उरतील. पार्किंग, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स आणि किरकोळ फर्निचर यांचा खर्च त्याच 90 हजारांतून कसा भागणार, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

आता हप्ता पाहू. 8 टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरल्यास 80 लाखांवर महिन्याला सुमारे 66 हजार 900 रुपये हप्ता बसतो आणि वीस वर्षांत एक कोटी साठ लाखांच्या आसपास रक्कम फेडावी लागते. पहिल्या हप्त्यातले 53 हजार 300 रुपये केवळ व्याजाचे असतात. जे घर 30 हजारांत भाड्याने मिळते, त्याच्यासाठी सुरुवातीच्या काळात आपण महिन्याला 53 हजार रुपये नुसते व्याज भरणार आहात. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडे चालूच राहील आणि बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे कर्ज उचलले जाईल तसतसे व्याजही वाढत जाईल. ताब्याआधीच्या शेवटच्या वर्षी हप्ता आणि भाडे मिळून 94 हजारांच्या घरात जातील, म्हणजे पगाराचा साठ टक्के हिस्सा. माझ्या टेबलावर अशी फाईल आली असती तर मी मंजुरीची शिफारस केली नसती.

व्याजदर आज उतरलेले आहेत यावरही विसंबू नये. 2025 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 6.50 वरून टप्प्याटप्प्याने 5.25 टक्क्यांवर आला हे खरे, पण मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ महिन्यांत तोच दर 4 वरून 6.50 वर गेला होता. तेव्हा 7 टक्क्यांनी कर्ज घेतलेल्यांचा हप्ता लाखाला 775 रुपये होता, दर 9.50 झाल्यावर एका लाखाचे महिन्याचे व्याजच 792 रुपये होऊ लागले. भरलेल्या हप्त्यात व्याजसुद्धा भागेना, मुद्दल फिटणे दूरच. कित्येकांची मुदत त्यांना न विचारता वाढवली गेली होती, आणि अखेर ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा असे सांगितले. व्याजदर दोन टक्क्यांनी वाढला तर आपला हप्ता किती होईल, हे आजच काढून ठेवा. मी काढले आहे : सुमारे 77 हजार 200.

जुना_ठाणेकर

वरचा हिशेब बिनतोड आहे. मूळ प्रश्न दरांच्या भवितव्याचा होता, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

आपल्या बंधूंनी मनोरे मोजून काढलेला निष्कर्ष वरवर बरोबर वाटतो, परंतु मुंबई महानगरात पुरवठा वाढला म्हणून छापील भाव खाली आला असे क्वचितच घडते. 1990 च्या दशकाच्या मध्यावर चढलेले भाव पुढील काही वर्षांत उतरले होते, हे त्या काळी घर घेतलेल्या अनेकांना आठवत असेल. त्यानंतरची मोठी मंदी साधारण 2013-14 पासून 2020 पर्यंतची. त्या काळात बहुतेक ठिकाणी भाव पडले नाहीत, ते जागच्या जागी थांबले. वर्षाला 5 टक्के महागाई धरली, तर सात वर्षे एकाच आकड्यावर राहिलेल्या भावाची खरी किंमत जवळपास तीस टक्क्यांनी कमी होते. म्हणजे घसरण झाली होती, फक्त ती जाहिरातीतल्या दरात दिसत नव्हती. सप्टेंबर 2020 मध्ये शासनाने मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणले आणि गोठलेला बाजार पुन्हा हलू लागला.

भाव आकड्यात का पडत नाहीत, याची कारणे आहेत. विकासकाने जमीन आणि चटईक्षेत्राचे अधिमूल्य (जादा बांधकामासाठी शासनाला द्यायची रक्कम) आधीच मोजलेले असते, त्यासाठी कर्ज काढलेले असते, आणि एका घराचा भाव उघडपणे उतरवला तर आधी घेतलेले शंभर ग्राहक दारात उभे राहतात. म्हणून तो भाव तसाच ठेवून मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, स्वयंपाकघर तयार करून देतो, पार्किंग सोडतो. दुसरे कारण रेडी रेकनरचे. शासनाने ठरवलेल्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी किमतीत व्यवहार झाला, तर फरकाची रक्कम विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही उत्पन्नात धरून आयकर लागतो. त्यामुळे बाजार मंद असला तरी कागदावरच्या किमतीला एक तळ राहतो, आणि तो तळ शासन वर सरकवत असते. 1 एप्रिल 2025 रोजी राज्यात सरासरी 3.89 टक्के वाढ झाली, ठाणे महापालिका क्षेत्रात ती 7.72 टक्के होती. नोकरदाराचे घर आवाक्याबाहेर जाण्यात शासनाच्या तिजोरीचाही वाटा आहे, आणि यावर म्हणावे तितके बोलले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. जीएसटीसाठी ‘परवडणाऱ्या घरा’ची मर्यादा 2019 मध्ये 45 लाख ठरली; त्या रकमेत आज घोडबंदरला दोन खोल्यांचे घर दाखवणारा मला तरी कोणी भेटलेला नाही.

मेट्रो 4 चे काम 2018 पासून चालू आहे आणि तेव्हापासूनची प्रत्येक जाहिरात तिचे स्थानक दाखवत आली आहे. मेट्रोचा भाव आपण आजच मोजत आहात. गाडी धावू लागल्यावर थोडी वाढ होईल, परंतु या पट्ट्यात मोकळ्या जमिनी अजून बऱ्याच आहेत आणि पाण्याचा व वाहतुकीचा प्रश्न आहे तिथेच आहे. येत्या काही वर्षांत भाव कोसळतील असे मला वाटत नाही, आणि आपल्या सहकाऱ्यांना वाटते तशी झेप घेतील असेही वाटत नाही. ते महागाईच्या थोडे मागे-पुढे रेंगाळतील. तेव्हा वर्षभर थांबल्याने संधी हातची जाईल, ही भीती मनातून काढून टाका.

एक गोष्ट मात्र जरूर करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक घालून सूची क्र. 2 (नोंदवलेल्या व्यवहारांचा सारांश) पाहता येते. त्या प्रकल्पातल्या घरांचा नोंदवलेला ‘मोबदला’ तिथे दिसेल. विक्री कार्यालयात सांगितलेला भाव आणि लोकांनी प्रत्यक्षात मोजलेला भाव यांत किती अंतर आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहा.

कल्याणची_गृहिणी

मी तज्ज्ञ नाही, पण ताबा लांबला म्हणजे काय होते ते भोगलेले आहे. आम्ही 2013 मध्ये कल्याणच्या बाहेरच्या बाजूला घर नोंदवले. करारात डिसेंबर 2016 लिहिले होते आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) 2020 मध्ये मिळाले. दर रविवारी आम्ही दोघे काम पाहायला जात असू. चौथ्या मजल्याचा स्लॅब घालून झाला आणि काम थांबले. वर आलेल्या सळ्या दोन पावसाळ्यांत तांबूस झालेल्या मी पाहिल्या. पुढे पुढे रखवालदार आम्हाला पाहून खुर्ची आणून ठेवत असे, कारण सांगण्यासारखे त्याच्याकडे दुसरे काही नसे. तेवढी वर्षे भाडेही भरले आणि व्याजही. सासूबाईंना नव्या घरात न्यायचे राहून गेले.

आमच्या वेळी रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नव्हता, तो 1 मे 2017 पासून लागू झाला. आता नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ताबा लांबल्यास व्याज मागता येते. तरीही महारेराचा (राज्यात हा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाचा) क्रमांक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आमच्या शेजारच्या डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती निघाल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची पुंजी घालून त्यात राहायला गेलेली माणसे आपल्यासारखीच होती. बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन पडताळून घ्या, आणि प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख महारेराकडे किती वेळा पुढे ढकलली आहे तेही पाहा. एखादा दिवस रजा पडेल, पडू द्या.

पुनर्विक्री_अनुभव

थोडक्यात लिहितो. आपण तयार घर का पाहत नाही? भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या घराला जीएसटी नाही, आणि राहायला गेल्या दिवसापासून भाडे थांबते. दहा-बारा वर्षे जुन्या सोसायटीत कार्पेट बहुधा अधिक मिळते आणि मेंटेनन्स बराच कमी असतो. अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) झाले आहे का, विकणाऱ्याची सोसायटीकडे थकबाकी आहे का, आणि मूळ करारनाम्यापासूनची साखळी पूर्ण आहे का, एवढे वकिलाकडून तपासून घ्या. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीतही अर्ज करावा, मात्र आधी जागा पाहून यावी. विरार-बोळींजची म्हाडाची घरे पाण्याच्या अडचणीमुळे वर्षानुवर्षे विक्रीविना पडून होती.

नौपाडा_भाडेकरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी आम्ही दोघांनी बसून सूची क्र. 2 पाहिली. त्याच प्रकल्पातल्या, 60.39 चौरस मीटरच्याच (म्हणजे 650 चौरस फुटांच्या) आठ घरांचे गेल्या सहा महिन्यांतले करारनामे मिळाले. सर्वांत कमी मोबदला 1 कोटी 2 लाख होता आणि सर्वांत जास्त 1 कोटी 8 लाख. आम्हाला 1 कोटी 15 लाख हा ‘शेवटचा भाव’ म्हणून सांगितला होता.

निवृत्त साहेबांनी मांडलेला 90 हजारांचा आकडा पत्नीला दाखवला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने 60 लाखांच्या कर्जाचा हप्ता काढायला सांगितला. 8 टक्क्यांनी तो 50 हजार 200 येतो, आणि दर दोन टक्क्यांनी वाढला तरी 58 हजारांच्या आत राहतो. त्या हिशेबाने सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून 95 लाखांपर्यंतचे तयार घर आमच्या आवाक्यात येते. मानपाड्याजवळच्या एका बारा वर्षांच्या सोसायटीत 610 चौरस फुटांचे घर पाहिले आहे, भाव 96 लाख सांगितला आहे. तिसरा मजला आहे, मुलीची शाळा रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. सोसायटीच्या सचिवांकडे अभिहस्तांतरणाची प्रत मागितली आहे. ती पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले आहेत. हाती आली की येथे कळवतो.