वेळासचं गणित खवल्याला लागू पडतं का?

वाशिष्ठीकाठ
पेपरात परत तीच बातमी. दोन पोरं मोटारसायकलवर, गोणीत खवले मांजराचे खवले, सापळा रचून अटक. मथळ्यात मात्र ठळक काय, तर किंमत. आरोपी, गाव, कलम सगळं लोक विसरतात, आकडा तेवढा नाक्यावरच्या टपरीवर फिरत राहतो. व्हेलच्या उलटीच्या बातम्यांनी किनाऱ्यावर हेच केलं. आता पुळणीवर कसलाही मेणचट गोळा दिसला की माणसं लायटर पेटवून बसतात.

दोन वर्षं मी या व्यापाराबद्दल गावोगाव विचारपूस करतोय. वही काढली की लोक गप्प, चहा संपला की बोलायला लागतात. "मी मारतो" कुणीच म्हणत नाही. "पूर्वी मारायचे" म्हणतात. पूर्वी म्हणजे कधी, तर गेल्या शिमग्याला!

मारायला कसब लागत नाही, हेच वाईट. खवल्या घाबरला की पळत नाही, पोटात तोंड खुपसून गोळा होतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, माणूस मात्र तो गोळा उचलून गोणीत टाकतो. मादीला एका खेपेला बहुधा एकच पिल्लू, त्यामुळे गेलेला प्राणी भरून यायला वेळ लागतो. आणि हे सगळं कशासाठी, तर केराटिनसाठी, जे आपल्या नखांतही असतं.

यावर उपाय विचारला की प्रत्येकजण वेळास या किनाऱ्यावरच्या गावाचं नाव घेतो. तिथे पूर्वी कासवाची अंडी सर्रास काढून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन घरटी राखली, आणि आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला आलेला पाहुणा गावातल्याच घरात उतरतो, जेवतो. पण खवल्या रात्री निघतो. तो कुणाला दिसत नाही, आणि पाहुण्यांना दिसावा असं वाटणंही धोक्याचं. मग गावाच्या पदरात काय? माझं मत स्पष्ट आहे: पर्यटनाचा नाद सोडा. ज्याच्या जमिनीत बिळं आहेत त्याला जंगल न तोडण्याचे वर्षाला रोख पैसे द्या. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतेक खाजगी मालकीचं आहे, वनखातं कुठे कुठे पुरणार?

काळा कोट
अजिबात पटलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला प्राणी आहे हा. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. २०१६ साली जोहान्सबर्गला साइटस् या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी ठरली. एवढं असताना गुन्हा करू नये म्हणून पगार? उद्या माझा शेजारी म्हणेल, तुमच्या बागेतले आंबे चोरत नाही, काढा पैसे. खटले वेळेत उभे राहू द्यात, पंचनामे नीट होऊ द्यात. दोघं-चौघं खरोखर आत गेले की तालुका सरळ होतो.

बाणकोटची उडी
धागाकर्त्याने आधी पैसा, मग प्राणी असा उलटा क्रम धरला आहे. वेळासला पैसा आधी आला आणि मग कासव वाचलं, असं नाही. आधी माणसं पहाटे पुळणीवर पावलांच्या खुणा शोधत फिरली, अंडी कुंपणाच्या आत हलवली, पन्नास-पंचावन्न दिवस कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखली. महोत्सव आणि पाहुणे काही वर्षांनी आले. पोटाआधी गावाला त्यात मान वाटला.
खवल्याचंही तसं होऊ शकतं. चिपळूण तालुक्यात डुगवे गावात २०२० साली खवलोत्सव झाला, खवल्याची प्रतिकृती पालखीत बसवली. पालखीत बसलेल्यावर कोयता चालवायला कोकणी माणसाचा हात सहजी उठत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

परळ-राजापूर
मान, पालखी सगळं ठीक. पण रोख पैसे देणार कुणाला? आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली चार वारली, सहा मुंबईत, एक काका कुणाशीच बोलत नाही. आणि बीळ नेमकं काकांच्या बांधाखाली. :)

वाशिष्ठीकाठ
@परळ-राजापूर, सातबाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. पैसे वाडीच्या सामाईक खात्यात गेले तर? हिशोबाची भांडणं होतील, पण निदान गावातच होतील.
@काळा कोट, पैसे चोराला नाहीत, मालकाला. आज त्याला जंगलातून काही मिळतं ते फक्त तोड कंत्राटदाराला दिल्यावर. आणि आत कोण जातो हो? गोणी वाहणारा. माल घेणारा कुठे राहतो हे त्या पोरालाही ठाऊक नसतं, त्याच्याकडे नुसता एक फोन नंबर असतो, तोही बंद पडलेला. चीनने २०२० मध्ये अधिकृत औषधकोशातून खवले वगळले, तरी काही तयार औषधांत ते राहिलेच. तिकडची ओढ आपण इथे चिपळूणच्या कोर्टात कशी थांबवणार?
@बाणकोटची उडी, क्रमाबद्दल माझं चुकलं, मान्य. पण पालखी वर्षातून एकदा निघते आणि व्यापाऱ्याचा माणूस बारा महिने फिरतो.

काळा कोट
वाहणारा सुटला तर घेणाऱ्यापर्यंत धागा पोचणारच नाही. त्या बंद नंबरचाही तपास निघतो, काढायची इच्छा हवी. किंमत छापू नये, एवढ्याला मात्र पूर्ण सहमत.

सड्यावरचा
मी शेतकरी माणूस, वाचत होतो नुसता. आमच्या सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, दोन बिळं आहेत, तोंडाशी ताजी माती असते, शेजारची वारुळं उकरलेली. डुकरासाठी लावलेल्या फासकीत एकदा खवल्या अडकला होता, बापाने तार कापून सोडला. पैसे कुणी दिले नव्हते, आणि कायदाही त्याला ठाऊक नव्हता.
पण गेल्या वर्षी अभ्यासाला म्हणून एकजण आला, बिळाचे फोटो काढले आणि जागेच्या खुणेसकट नेटवर चढवले. महिन्याभरात रात्रीच्या बॅटऱ्या दिसायला लागल्या. वाशिष्ठीकाठ, तुम्हाला बिळं बघायची असतील तर या, दाखवतो. फोन आमच्या पडवीत ठेवून वर चढायचं.