मदत हवी आहे: उघडिपीत सोयाबीनची पानं उलटी होतायत, फवारणी करू की पाणी देऊ?

कोरडवाहू:
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातला शेतकरी आहे. रान निम्मं काळं भारी, निम्मं मुरमाड. सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्यात आणि ऐन वेळी पावसानं खंड दिलाय. सकाळी पीक टवटवीत असतं. ऊन चढलं की मुरमाड पट्ट्यातली पानं उलटतात, खालची पांढुरकी बाजू वर येते, लांबून पट्टा रुपेरी दिसतो. दुपारी तिथलं पान दोन बोटांत धरलं तर गरम लागतं. काळ्या रानातलं त्याच वेळी गारसर. बांधापलीकडची तूर मात्र जशीच्या तशी उभी.

पोरगी बारावीला आहे. ती म्हणते, झाड पानावरची पर्णरंध्रं मिटून पाणी वाचवतं. मग पीक स्वतःला सांभाळतंय म्हणून थांबायचं का? दुकानदार १३:००:४५ (पोटॅशचं विरघळणारं खत) मारा म्हणतो, कुणी केओलिन सांगतं. विहिरीत निम्म्या रानापुरतंच पाणी आहे. कारणासकट सांगा, ही विनंती.

पानोपानी:
दादा, मुलगी बरोबर सांगतेय, पण थांबू नका.

प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्यानं फुगल्या की मधली फट उघडते. ओल कमी पडली की झाडात अॅब्सिसिक आम्ल वाढतं. त्याच्या इशाऱ्यानं रक्षक पेशींतलं पोटॅश बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या होतात आणि फट मिटते. पानानं मान टाकण्याच्या आधीच हे सुरू झालेलं असतं.

पण कार्बन डायऑक्साइड आत यायची वाटही तीच. ती मिटली की पाणी वाचतं आणि अन्न तयार होणंही मंदावतं. वाफ बाहेर पडत नाही म्हणून पान तापतं. तुमच्या बोटांना लागलं ते हेच. पान उलटतं ते ऊन चुकवायला. शेंगा भरताना रोज असं झालं तर दाणा बारीक राहणार. तुरीचं मूळ खोल जातं, तिला खालची ओल मिळतेय, एवढंच.

कोरडवाहू:
खूप आभार सर. एक शंका. पोटॅशनं पेशी फुगून फट उघडत असेल, तर १३:००:४५ मारल्यावर रंध्रं उघडून आहे ती ओलही जाणार नाही का?

पानोपानी:
फार चांगला प्रश्न. नाही. मुळाशी ओल नाही तोवर मिटण्याचा इशारा चालूच राहतो, फवाऱ्यानं तो मोडत नाही. उलट पोटॅश कमी असलेल्या झाडाची रंध्रं वेळेवर मिटत नाहीत. उघडायला आणि मिटायला, दोन्हीला ते लागतं. पण आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश बहुधा भरपूर असतं, तिथं फवाऱ्याचा फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. मुरमाडात मारून बघा: १ टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी तापल्या पानावर नको, पान करपतं.

केओलिन ही पांढरी माती. ती ऊन परतवते, पान जरा थंड राहतं. पाणीच नसेल तर त्याचा आधार घ्यावा. तुमच्याकडे थोडं का होईना पाणी आहे, आधी ते.

गोदाकाठ:
माझं मत, पाणी मुरमाडालाच द्या, तेही आत्ताच. तिथं ओल धरायला खोली नाही. काळं रान अजून काही दिवस तग धरेल, फक्त भेगा पडतायत का बघत राहा. कोळपणीनं भेगा बुजल्या असत्या, पण आता पीक दाटलंय, आत शिरलात तर फांद्या मोडतील. पाणी तुषार संचानं रात्री द्या. उन्हात अन् वाऱ्यात बरंच उडून जातं.

कोरडवाहू:
या आठवड्यात आमच्याकडं रात्रीचीच लाईट आहे भाऊ, आजच नोझल मांडतो. पण काळ्या रानाची वेळ आली हे ओळखायचं कसं?

पानोपानी:
दुपारचं पान बघून ठरवू नका, दिवस उगवायच्या आत जा. रात्रीतून झाड पाणी ओढून सावरतं. पहाटेही पानं मलूल दिसली तर ओल संपली समजा. विहिरीत पाझर येईल तसं, त्या दिवसाची वाट न बघता, काळ्यालाही एक हलकी पाळी द्या.