मदत हवी आहे: उणे 12 मध्ये गाडी घरीच धुवायची, तीही नंतर पाणी न मारता

मिसिसागाकर
नमस्कार मंडळी, कॅनडातून लिहितोय. घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा पांढरा थर गाडीवर इतका चढलाय की आत बसताना पँटला लागतो. गेले काही दिवस उणे 12 च्या आसपास आहे आणि जवळचा कार वॉश थंडीमुळे बंद ठेवलाय. पाइप लावणं शक्य नाही. रिन्सलेस वॉशची (पाण्यात मिसळून गाडी पुसायच्या द्रावणाची) बाटली आणलीय. 'नंतर पाणी मारायची गरज नाही' असं तिच्यावर छापलंय. पण मीठ न धुता नुसतं पुसलं तर रंगावर चरे नाही का पडणार? रविवारी सकाळच्या आत काम व्हायला हवं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

निफाडचा गडी
आमच्याकडेही जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. मी रोज एक बादली पाणी घेतो आणि ओल्या फडक्याने गाडी पुसतो. शेवटी कोरडा हात मारायचा. गाडी चकाचक राहते. एवढा विचार कशाला?

जुना मेकॅनिक
निफाडकर, तुमच्या गाडीवर धूळ असते. यांच्याकडे रस्त्यावर टाकलेलं जाडं मीठ, वाळू आणि बर्फाचा चिखल एकत्र सुकलेला असतो. त्यावर एकच फडका फिरवत राहिलात तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होईल.
मिसिसागाकर, गाडीचा रंग कोणता? गॅरेज आहे की उघड्यावर उभी असते? बाटली कुठली? काहीच लिहिलं नाहीत.

मिसिसागाकर
रंग काळा. बाटली ऑप्टिमम नो रिन्सची. गाडी काँडोच्या, म्हणजे आमच्या फ्लॅटच्या इमारतीच्या, बेसमेंटमध्ये असते. तिथे पाइप लावून धुवायला मनाई आहे.

जुना मेकॅनिक
अहो, मग बेसमेंटचं तापमान सांगा! बाहेर उणे 12 असो नाहीतर उणे 30, तुम्ही थोडेच बाहेर धुणार आहात?

मिसिसागाकर
गाडीतल्या काट्यावर 7-8 अंश दिसतं.

एडमंटनची काकू
मग काळजी सोडा, 7-8 अंशात हे काम छान होतं. मी हिवाळाभर असंच करते. नीट वाचा.
प्रमाण 1 ला 256. म्हणजे दोन अमेरिकन गॅलन पाण्यात, साधारण साडेसात लिटरमध्ये, 1 औंस म्हणजे 30 मिली. जास्त ओतलं म्हणून जास्त निघत नाही, उलट चिकट पट्टे राहतात. पाणी कोमट घ्या, हात काम करतील.
फडका लावायच्या आधी हेच पाणी हातपंपाच्या स्प्रेमध्ये भरून एका पॅनलवर (दार, बॉनेट असा एकेक भाग) भरपूर मारा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मीठ विरघळून खाली ओघळताना दिसेल. मग पुन्हा मारा. खरी सफाई इथेच होते, फडका नंतरचा.
सात-आठ जाड मायक्रोफायबर बादलीत भिजवून ठेवा. एक घ्या, दोनदा घडी घाला, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. टपापासून सुरुवात करून खाली या. सरळ रेषेत, दाब न देता, एक हात मारला की बाजू पालटायची. वापरलेला फडका परत बादलीत बुडवायचा नाही, तो थेट धुण्यात. पॅनल ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या टॉवेलने टिपायचं. चाकांमागचा आणि दारांखालचा भाग सगळ्यात शेवटी, जुन्या फडक्यांनी.

जुना मेकॅनिक
काकूंची पद्धत धुळीला आणि पातळ थराला उत्तम. पण पँटला लागण्याइतकं मीठ असेल, तेही काळ्या गाडीवर, तर मी हात लावणार नाही. आधी नाणी टाकून चालणारा, आत उबदार असलेला सेल्फ सर्व्हिस वॉश शोधा. नुसत्या पाण्याचा फवारा मारा, विशेषतः गाडीखाली. रिन्सलेस त्यानंतर. बाटलीतलं पाणी ब्रेक पाइपांपर्यंत पोचत नाही आणि गंज तिथेच खातो.

एडमंटनची काकू
गाडीखालच्या भागाबद्दल सहमत, तो असा धुतला जातच नाही. पण त्यांनी विचारलंय रंगाबद्दल, आणि वॉश बंद आहे हेही सांगितलंय. नीट भिजवलं तर चरे पडत नाहीत. माझीही गाडी काळीच आहे.

टोरांटो_2008
मूळ चूक वेगळीच आहे. मिठाची गाडी उबदार बेसमेंटमध्ये ठेवूच नये. बाहेर गोठलेली असते तोवर गंज चढत नाही.

जुना मेकॅनिक
अर्धं बरोबर. उबेत गंज वेगाने चढतो, हे खरं. पण मिठाचं दाट पाणी उणे 21 पर्यंत द्रव राहू शकतं आणि कॅल्शियम क्लोराइड असेल तर त्याहूनही खाली. म्हणजे बाहेरही गंज थांबत नाही, मंदावतो. उपाय एकच, मीठ काढणं.

टोरांटो_2008
बरं. बाकी हिवाळी टायर घातलेत ना? क्युबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च सक्तीचे आहेत. आपल्या ऑन्टारियोत सक्ती नाही, पण 2016 पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. मागून घ्या.

मिसिसागाकर
टायर आहेत, पण प्रश्न धुण्याचा आहे. गाडी विकायचीय, रविवारी एक जण बघायला येणार, म्हणून घाई. घाण पाणी बेसमेंटच्या जाळीत ओतलं तर चालेल?

एडमंटनची काकू
ओतू नका. बादली वर घरात नेऊन टॉयलेटमध्ये रिकामी करा. रस्त्याकडेच्या पावसाळी जाळीत तर नाहीच, ते पाणी प्रक्रिया न होता ओढ्यात आणि तळ्यात जातं. आणि इमारतीच्या ऑफिसला आधी विचारा. 'धुणार' म्हणालात की नाही म्हणतील, 'एक बादली आणि फडके' असं सांगा.
दारांचे रबर कोरडे पुसायला विसरू नका. बाहेर काढल्यावर ओलं रबर गोठतं, दार ओढलं की फाटतं.

मिसिसागाकर
आजच केलं. ऑफिसने हो म्हटलं. बॉनेटवर पहिल्या स्प्रेनंतर दुधासारखं पाणी ओघळलं, दुसऱ्यानंतर स्वच्छ. टॉर्च मारून पाहिलं, नवा चरा नाही. मागच्या चाकांमागे मात्र वाळू चिकटून होती, तिथे फडका लावला नाही. मेकॅनिकदादा म्हणतात तसा कॉइन वॉश शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये सापडलाय, उद्या सकाळी लवकर तेवढा भाग आणि गाडीखालून मारून घेतो. बघायला येणारा खाली वाकून बघणारच.
आतल्या गालिच्यावर मिठाची पांढरी वर्तुळं आहेत, ती कशाने जातील?

एडमंटनची काकू
पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं निम्मं. शिंपडा, पाच मिनिटांनी फडका दाबून शोषून घ्या. घासू नका, पसरतं. आज रात्रीच करा आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर सकाळी वासही राहील आणि काचाही आतून धुरकटतील.