विश्वास पक्का असेल तर पैसा येतोच, हे खरं का?

नेवासकर:
जय ख्रिस्त. आमच्याकडे नवी सहभागिता, म्हणजे प्रार्थनेसाठी जमणारी मंडळी, सुरू झाली आहे. तिथले प्रचारक सांगतात, विश्वास पक्का असेल तर देव गाडी-बंगला देतोच. ज्याला मिळालं नाही त्याचा विश्वास कच्चा. माझे वडील जन्मभर शेतमजुरी करत होते. पहाटेची प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांचा विश्वास कच्चा होता का?

शब्बाथशाळेच्या बाई:
नाही, भाऊ. ही शंका मनातून काढून टाका. या शिकवणीचा मला संताप येतो तो यासाठीच, की ती तुमच्या वडिलांसारख्यांना दोषी ठरवते. बायबलमधल्या प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलं, की विपुलतेत आणि टंचाईत, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. त्याचाही विश्वास कच्चाच म्हणायचा का?

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गात, मुलांना हे शिकवताना मी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही नाव घेते, कारण पगार सोडला नवऱ्याने, पण संसार चालवायचा होता त्यांना.

पिंपरीचा विश्वासी:
बाई, पटतं. पण आम्ही नोकरी सोडायची का? घराचा हप्ता आहे, मुलांची फी आहे.

शब्बाथशाळेच्या बाई:
सोडा असं कुठे म्हटलं? बायबलमधल्या श्रीमंत तरुणाला प्रभू येशूने सगळं विकायला सांगितलं, कारण त्याचा जीव त्या धनातच अडकला होता. जकातदार जक्कयाने मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, फसवलेल्यांना चौपट परत करीन म्हणाला, आणि त्याच्या घराला तारण मिळालं. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली त्याच जमिनीवर वाढल्या. हातात पैसा पुष्कळ आला, पण तो मुलींसाठी होता. तुमचा हप्ता भरा, फी भरा. दशमांश, म्हणजे देवासाठी द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, मात्र उरलंसुरलं म्हणून देऊ नका, पगार आला की आधी बाजूला काढा.

नेवासकर:
आईला वाचून दाखवलं. रविवारी त्या प्रचारकांना काय विचारू?

शब्बाथशाळेच्या बाई:
अर्पणाचा जमाखर्च वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचतात का, एवढंच विचारा. आमच्या मंडळीत वाचतात.