तोंडाच्या कर्करोगाचं सीटी: अर्ध्या दिवसाच्या सीएमईत काय घ्यावं?

रेडिओ_मराठवाडा
जिल्ह्यातल्या रेडिओलॉजिस्टसाठी रविवारी चार तासांची सीएमई (डॉक्टरांचं सततचं शिक्षण) ठरतेय. विषय गाल आणि हिरडीचा कर्करोग, कारण तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे याच जागेचे पेशंट जास्त येतात. बहुतेकांकडे 16 स्लाइसचं सीटी मशीन आहे, एमआरआय मोजक्यांकडेच. ओळीने व्याख्यानं ठेवली तर सोमवारच्या रिपोर्टमध्ये काही फरक पडत नाही. काय शिकवावं आणि कसं?

गळा_मान_रेडिओ
पहिला तास स्कॅनच्या तंत्राला द्या आणि टेक्निशियननाही बोलवा. गाल हिरडीला चिकटलेला असेल तर गाठ गालाची की हिरडीची, हे कोणालाच सांगता येणार नाही; म्हणून गाल फुगवून मध्ये हवा भरायची.

आधी कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या टोकापर्यंत शांत श्वासात नेहमीचा स्कॅन. 300 ताकदीचं (मिलीला 300 मिग्रॅ आयोडीन) कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून द्यायचं औषध 80 ते 100 मिली, सेकंदाला 2 ते 2.5 मिली, आणि 70 सेकंदांच्या आसपास सुरुवात. लगेच गाल फुगवून दुसरा स्कॅन, पण तो फक्त टाळूपासून जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत. सगळी मान पुन्हा घेऊ नका, विनाकारण डोस वाढतो. पेशंटला टेबलावर झोपवण्याआधीच सराव करून घ्या: ओठ घट्ट मिटायचे, गाल हलके फुगवायचे, श्वास नाकाने. जोर लावला की ओठातून हवा सुटते आणि इमेज हलते.

दातातल्या धातूच्या रेषा नेमक्या गाठीवर येत असतील तर गँट्री (मशीनचं गोल कडं) तिरकी करून तेवढाच भाग परत घ्या. 1 मिमीच्या आसपासचे स्लाइस आणि बोन अल्गोरिदम (हाड स्पष्ट दाखवणारी इमेज-प्रक्रिया) हवेतच, नाहीतर हाड नीट वाचता येत नाही.

ऑन्को_रिपोर्टिंग
सरांशी सहमत. पुढचे दोन तास मात्र व्याख्यान नको, केस द्या. प्रत्येकाने लॅपटॉपवर पूर्ण स्टॅक (स्कॅनच्या सगळ्या इमेज) स्वतः स्क्रोल करायचा. पॉवरपॉइंटवर बाण दाखवला की उत्तर आधीच फुटलेलं असतं.

रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त चुकतं ते मॅस्टिकेटर स्पेस, म्हणजे चावण्याच्या स्नायूंची जागा. एजेसीसीच्या (कर्करोगाची स्टेज ठरवण्याची पद्धत) आठव्या आवृत्तीत तिथे गाठ पोचली की टी4बी (गाठीचा सर्वांत पुढचा टप्पा), म्हणून अनेक जण तेवढंच लिहून थांबतात. सर्जनला हवं असतं ते आजार सिग्मॉइड नॉचच्या (खालच्या जबड्याच्या वरच्या कडेची खाच) खाली आहे की वर. खालचा, म्हणजे मिडिअल टेरिगॉइड किंवा मॅसेटर या चावण्याच्या स्नायूंच्या खालच्या भागातला, निवडक पेशंटमध्ये काढता येतो. वर लॅटरल टेरिगॉइड स्नायूपर्यंत गेला तर गणित बदलतं. त्यासाठी कोरोनॉइड आणि कंडाइल या जबड्याच्या दोन टोकांमधल्या याच खाचेतून आडवी रेषा काढायची सवय लावा.

दुसरं, डेप्थ ऑफ इन्व्हेजन (गाठ किती खोल घुसली) म्हणजे गाठीची जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी म्यूकोसाची (तोंडाच्या आतल्या अस्तराची) पातळी धरून तिथून आत लंब टाकायचा. बाहेर फुगलेला भाग मोजला तर 5 आणि 10 मिमीच्या मर्यादा उगाच ओलांडल्या जातात आणि स्टेज चढते.

हाडाबाबत एक सापळा नक्की दाखवा: नुकताच दात काढलेला असेल तर रिकामा सॉकेट (दाताचा खड्डा) इरोजनसारखा, म्हणजे गाठीने हाड खाल्ल्यासारखा दिसतो. दंतवैद्याकडची तारीख रेफरलमध्ये नसते, ती विचारूनच घ्यावी लागते. शिवाय हिरडीच्या गाठीने सॉकेट नुसता वरवर खाल्ला तर तो टी4ए (टी4बीच्या आधीचा टप्पा) नाही.

रेडिओ_मराठवाडा
तोंड उघडत नाही अशा सबम्यूकस फायब्रोसिसच्या (तोंडाचं आतलं अस्तर ताठ होण्याचा आजार) पेशंटचं काय? गाल फुगवता येतील का?

गळा_मान_रेडिओ
जबडा उघडावा लागत नाही, ओठ मिटले की पुरे. म्हणून प्रयत्न कराच. गाल ताठ असेल तर हवा कमी शिरते, पण दोन-तीन मिलीमीटरची फट पडली तरी वाचायला पुरते. ओठ मिटतच नसतील, किंवा गाठीने गालाला भोक पडलं असेल, तर वेस्टिब्यूलमध्ये (गाल आणि हिरडीमधली जागा) गॉजची गुंडाळी ठेवा. ती हलक्या हाताने, कारण गाठ लगेच रक्ताळते.

केस_संग्राहक
केस निवडताना ऑपरेशन झालेल्याच घ्या, हिस्टोपॅथॉलॉजीच्या (काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीच्या) रिपोर्टसह. नाहीतर चर्चा 'मला वाटतं' यावरच संपते. निदान एक केस नॉचच्या वरची आणि एक दात काढलेल्या सॉकेटची हवी.

डायकॉम हेडरमधून (इमेज फाइलसोबतची माहिती) नाव काढलं म्हणजे झालं असं समजू नका. डोस रिपोर्टच्या पानावर नाव चित्रातच छापलेलं असतं, ते पानच काढून टाका. चेहऱ्याचा थ्रीडी सरफेस तर बिलकुल दाखवू नका, माणूस ओळखू येतो.

आणि क्रेडिटचा अर्ज कार्यक्रमाआधीच मेडिकल कौन्सिलकडे करा. 5 वर्षांत 30 तास भरायचे असतात, त्यामुळे क्रेडिट आहे म्हटल्यावर लांबून येणारेही वेळ काढतात. अर्जासोबत तासवार कार्यक्रम द्यावा लागेल. त्यात केस-रीडिंगचे दोन तास स्पष्ट लिहा.